हॅम्बुर्गच्या बंदरावरची पेज

आमच्या घरात घरच्यांची जेवायची वेळ ठरलेली नव्हती. बाहेरची माणसं जेवून उठली की मग आम्ही. लालबागच्या चाळीतल्या आमच्या एकुलत्या एका खोलीत आई खानावळ चालवायची. बायकामुलं गावी ठेवून गिरणीत आलेली मालवण-कुडाळकडची माणसं आपापल्या पाळीप्रमाणे यायची, भिंतीला पाठ लावून ओळीने बसायची आणि खाली मान घालून जेवायची. पहिली पंगत उठेपर्यंत मी पुस्तक घेऊन गॅलरीत उभा, दुसरी उठेपर्यंत जिन्यावर. माझ्याबरोबरची मुलं लायब्ररीत बसून अभ्यास करीत. मी रसायनशास्त्राचा निम्मा अभ्यास तिरफळाच्या आणि सुक्या बांगड्याच्या वासात केला. हे सांगायची मला तेव्हा लाज वाटली नाही, आता तर नाहीच नाही.

बाबा साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. चार माणसांत मोठ्याने न बोलणारा माणूस, पण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहिली आणि बाबांना आवाज फुटला. मोर्चा निघाला की ते पुढे. आधी एकटे जायचे, मग मला घेऊन जायला लागले. एका सत्याग्रहात पकडले गेले, आत राहिले, सुटून आले तेव्हा त्यांचे साचे दुसऱ्याला देऊन झाले होते. मग बदलीवर. रोज पहाटे गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत, नसला तर घरी परत. परत आले की आईच्या शेगडीशेजारी बसून कांदे सोलायचे. साच्यावर चालणारे ते हात कांद्यावर चाललेले बघवत नसत. मुठीतला तांदूळ पातेल्यात टाकायचा की परत डब्यात, एवढाच आईचा दिवसभराचा विचार.

अशात मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकसुद्धा कोणी नव्हतं. मजल्यावरच्या लोकांनी दिवाळी नसताना कंदील लावला. आणि त्याच वर्षी कापडाचे रंग बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीची माणसं कॉलेजात आली, मुलाखती घेतल्या आणि रंगाईचं शिक्षण घ्यायला मला हॅम्बुर्गला बोलावलं.

बाबांनी ऐकून घेतलं. हातातला कांदा सोलून पुरा केला. मग म्हणाले, "मोर्चाक ह्या घरातसून दोन माणसां जायत. आता एकच जातला."

आई म्हणाली, "शिकाक जातासा ना तो? मोर्चे काय पळान जातत?"

"मोर्चे नाय पळणत. झील पळतत." झील म्हणजे मुलगा.

एवढ्यावर थांबले असते तर मी विसरलो असतो. पण माझी ट्रंक बांधून झाली त्या संध्याकाळी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जातस तर जा. पण परत येवच्या आधी इचार, हय जागा आसा काय."

गणपती नुकतेच गेले होते. बॅलार्ड पिअरवर आई आली, तिच्याबरोबर खानावळीतली अर्धी पंगत आली. त्यांनी एका दिवसाचा खाडा करून मला हार घातले. घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपांना आम्ही सगळे 'जर्मन' म्हणायचो, त्यामुळे पंगतीतल्या सावंतांनी ओरडून सांगितलं, "बाळग्या, टोप खंयसून येतत ता बघून ये रे!" सगळे हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "पेज मिळाली तर पेज खा. पण भूक लागली म्हणान कोणाच्या तोंडाकडे बघू नको." बाबा आले नाहीत. त्या दिवशी मोर्चा होता. बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा मी माणसांच्या गर्दीत त्यांची टोपी शोधत होतो, आणि मधलं पाणी रुंद होत गेलं तशा सगळ्याच टोप्या सारख्या दिसायला लागल्या.

तुम्ही जे माझ्यामागून गेलात, कोणी लंडनला, कोणी नैरोबीला, कोणी कुवेतला, तुम्हाला ते पाणी माहीत आहे. आणि तुम्ही जे धक्क्यावर उभे होतात, तुम्हाला त्याची दुसरी बाजू माहीत आहे. दोघांनीही हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

हॅम्बुर्ग हे शहर मला पहिले काही महिने कधी पुरं दिसलंच नाही. सकाळी खोलीबाहेर पडावं तर नदीवरचं धुकं रस्त्यापर्यंत आलेलं, समोरची माणसं कमरेपासून वर तेवढी चालताहेत असं वाटायचं. बंदरातून बोटींचे भोंगे वाजत. अर्धवट झोपेत तो भोंगा कानावर आला की मला गिरणीचा वाटायचा आणि आता पहिली पाळी जेवायला येईल, उठलं पाहिजे, म्हणून मी खरोखरच अंथरूण गोळा करायला लागायचो. मग खिडकीची थंड काच दिसायची. कारखान्यात पांढरा कोट घालून काचेच्या नळ्यांतून निळा, जांभळा, किरमिजी रंग उकळत बसायचं. संध्याकाळी हात कितीही घासले तरी नखांत निळाई उरायची. घरमालकीण चांगली बाई, पण संध्याकाळी थंड पाव, थंड चीज आणि थंड मांसाचे काप मांडून ठेवायची. गरम म्हणून फक्त कॉफी. मी ती खायचो. आईने सांगितल्याप्रमाणे कोणाच्या तोंडाकडे बघायचो नाही. पण झोपेत भाताचा वास यायचा.

एका रविवारी धक्क्यावरून चाललो होतो. धुक्यात कोणीतरी दोराशी बोलत होतं. "सरळ ये गो माझे बाय, सरळ ये. काल गुणाने आलीस, आज काय झालं तुला?" मी जागच्या जागी उभा राहिलो. रत्नागिरीकडची बोली, आणि तीही एल्बे नदीच्या काठावर! दाढी पांढरी, अंगावर खलाशाचा जाड कोट. मालवाहू बोटीवरचे इस्माईलचाचा.

"चाचा, कुठले?" मी विचारलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "माझं राहू दे. तू असा पिठूळ का दिसतोस? उपाशी आहेस काय?"

"नाही, जेवतो की."

"पाव खातोस. पाव खाल्लेला माणूस मला लांबून कळतो. चल."

बंदरामागच्या गल्लीत ते मला घेऊन गेले. एका छोट्या दुकानावर कॉफी आणि केकची पाटी होती. आत मोजकी टेबलं, काचांवर वाफ धरलेली, आणि दार उघडताच जो वास आला त्याने माझे पाय थबकले. सुकवलेल्या कोळंबीचा वास. आमच्या खोलीच्या भिंतींना चिकटलेला, कॉलेजात जाताना शर्टाला येऊ नये म्हणून मी गॅलरीत शर्ट वाळत घालायचो, तो वास.

ते दुकान चालवणारी बाई चिनी असेल असं मला वाटलं. चाचा म्हणाले, तिला असं म्हणू नकोस, ती तैवानची. तेव्हा त्या बेटाला सगळे फॉर्मोसा म्हणायचे, ती मात्र तैवान म्हणे आणि म्हणताना जरा ताठ उभी राही. तिचा नवरा बोटीवर आचारी होता. तो तिला इथवर घेऊन आला, दुकान लावून दिलं आणि दोन-तीन हिवाळ्यांत छातीच्या दुखण्याने गेला. दुपारपर्यंत ती गोदीतल्या जर्मन हमालांना कॉफी विके, आणि अंधारायला लागलं की मागच्या शेगडीवर भात चढवी. तो फक्त ओळखीच्या खलाशांसाठी. तिची पाटी तशीच राहायची, कॉफी आणि केक. भाताचं माहीत असणाऱ्याला माहीत असायचं. चाचा तिला मावशी म्हणत. मीही म्हणायला लागलो. ती त्या हाकेला ओ देई.

पहिल्या दिवशी तिने माझ्यापुढे काय ठेवलं सांगू? पेज. रताळ्याचे तुकडे घातलेली, पातळ, पांढरी, वाफाळती तांदळाची पेज. बाजूला खारवलेल्या मुळ्याचं आम्लेट, भाजलेले शेंगदाणे, आणि कोबीत ती कोळंबी. मी वाडग्यावर वाकलो आणि वाफ डोळ्यांत गेली. चाचा म्हणाले, "रडतोस काय रे?" मी म्हणालो, "वाफ." ते म्हणाले, "बरं. वाफ तर वाफ."

मग माझ्या संध्याकाळी तिकडेच जायला लागल्या. बाहेर बर्फ पडत असायचा, काचेवरच्या वाफेतून रस्त्यावरचे दिवे पिवळे, विरघळल्यासारखे दिसायचे, आणि आत मावशी चिनी मातीच्या वाडग्यांत पेज वाढायची. मी आणि ती, दोघांचंही जर्मन मोडकंतोडकं. त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. तिला वाडगा तोंडाशी नेऊन जेवलेलं आवडे, मला ते कधी जमलं नाही, कारण आईने तसं करताना पाहिलं असतं तर पाठीत धपाटा घातला असता. मला हाताने जेवायचं असे, ते तिला बघवत नसे. शेवटी तिने मला शेगडीमागचं टेबल दिलं, तिथे जर्मन गिऱ्हाइकांना मी दिसायचो नाही. तिथे बसून मी हाताने जेवायचो. चाचांसाठी तिचं एक टोप वेगळं होतं, त्यात डुकराचं मांस कधी शिजलं नाही. चाचा दर फेरीला तिच्यासाठी रत्नागिरीहून सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, आणायचे. ती ते हुंगायची, नाक मुरडायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच कोबीत घालायची.

घरून पत्रं यायची. आई सांगायची, खानावळीतले सावंत लिहायचे. कोणाचं लग्न झालं, कोण गावी गेला, कालवाचा भाव काय, सगळं असायचं. बाबांचा एक शब्द नसायचा. खाली 'बाबा बरे आहेत' एवढंच, आणि तेही सावंतांच्या मनचं असावं असं मला वाटे.

आता त्या दिवसाची गोष्ट. मावशीकडच्या लोकांचं नवं वर्ष फेब्रुवारीच्या सुमाराला लागतं. त्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी माणसं एकत्र जेवतात. मावशीने मला आणि चाचांना बोलावलं, दुकान दुपारीच बंद केलं. मी जरा लवकर पोचलो. ती मागे मासा तळत होती. पुढच्या मोठ्या टेबलावर मधोमध छोटी शेगडी, तिच्यावर उकळता रस्सा, आणि टेबलाभोवती चार वाडगे मांडलेले. आम्ही तिघं. चौथा कोणाचा? चौथा वाडगा भाताने शिगोशीग भरलेला, त्याच्या बाजूला नीट ठेवलेल्या जेवायच्या काड्या, पुढे खुर्ची, खुर्चीत कोणी नाही. आणि बरोबर त्या जागेच्या वर, भिंतीवर, लष्करी कपड्यांतल्या एका तरुण पोराचा फोटो.

तुमच्यापैकी जो कोणी कोकणातला असेल, त्याला पुढचं सांगायला नको. वाढलेलं पान आहे आणि बसणारा नाही, याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो. मला माहीत होतं की मावशीचा मुलगा तिच्या देशात लष्करात आहे, कुठल्याशा बेटावर आहे, तिथे त्या वर्षी तोफा चालल्या होत्या. बिचारी आम्हाला काही बोलली नाही, मी मनात म्हटलं, आणि आज त्याचं पान वाढलं. मग घरच्या माणसाने जे करायचं ते मी केलं. पायातले बूट काढले. ओंजळीत पाणी घेऊन त्या वाडग्याभोवती फिरवलं. दक्षिण कुठे ते धुक्यात कळेना, अंदाजाने तोंड केलं, हात जोडले. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. वाडगा उचलला, खिडकी उघडली, बाहेरच्या बर्फ पडलेल्या कठड्यावर ठेवला आणि म्हाळाच्या दिवशी आमच्या गॅलरीतून बाबा हाक मारायचे तशी हाक मारली, "काऽ काऽ काऽ."

कावळा आला नाही. बंदरावरचा एक भलामोठा पांढरा पक्षी आला आणि भातावर बसला.

मावशी मासा घेऊन बाहेर आली ती हे बघायला. तिने जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. ताट टेबलावर आदळलं, ती धावत आली, त्या पक्ष्याला नुसत्या हाताने हाकललं, वाडगा आत ओढून छातीशी धरला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. त्याच वेळी चाचा दारातून आत आले. उघडी खिडकी, भिजलेलं टेबल, माझे अनवाणी पाय, सगळं एका नजरेत बघितलं. ते कोकणातलेच. त्यांना विचारावं लागलं नाही.

"अरे येड्या," ते म्हणाले, "तो जिता आहे!"

"मग पान का वाढलं?"

"लांब आहे म्हणून वाढलं. घरचा माणूस परदेशी असला तर वर्षाच्या जेवणाला हे लोक त्याचा वाडगा मांडतात, की बाबा तू घरचाच आहेस, तुझी जागा मोडलेली नाही. तू त्याला सरळ कावळ्याच्या हवाली केलंस?"

मी खुर्चीत बसलो. जमीन दुभंगेल तर बरं असं वाटणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. चाचा मावशीशी खलाशांच्या भाषेत बराच वेळ बोलले. आमच्याकडे मेलेल्याला वाढतात, हा पोरगा वाईट मनाने नाही वागला, हे समजावत असावेत. ती ऐकत होती, पण बघत होती माझ्याकडे.

मग तिने तो वाडगा धुतला, गरम भाताने पुन्हा भरला, होता त्या जागी ठेवला आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मला बसवलं. हातात काड्या दिल्या. माशाकडे बोट केलं, वाडग्याकडे बोट केलं आणि मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "तू काढलास. तूच भर."

मी काड्यांनी माशाचा तुकडा धरला, तो पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. हात पुढे केला तर तिने हातावर चापट मारली. चाचा म्हणाले, "बी.एस्सी. झालास ना रे? उचल की एक मासा." कितीतरी वेळाने पोटाकडचा एक चांगला तुकडा त्या भातावर पोचला. मावशीने मान हलवली, अजून. कोबी घातला, अंडं घातलं. मग ती फोटोकडे बघून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि मला खूण केली, तूही म्हण. मला तिची भाषा कुठली येणार? मी आपल्याच भाषेत म्हणालो, "जेव रे बाबा." तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला. जगाच्या पाठीवर एक माणूस घरी नसतो म्हणून त्याच्या नावाने भात वाढला जातो, आणि मला माझ्याच घरात जागा आहे का ते विचारून यायचं होतं.

त्याच सुमाराला कारखान्यातल्या साहेबाने मला बोलावून सांगितलं होतं की काम चांगलं आहे, शिक्षण अर्ध्यावर सोडून लगेच कायमचा इथे लागायचा विचार कर. शरद ऋतूपर्यंत उत्तर हवं होतं. मला तिथे राहायचं नव्हतं. पण ज्या घरात आपण नकोसे आहोत तिथे रंगाईचं सर्टिफिकेट घेऊन जायचं, आणि बाबांनी दारात विचारायचं की कोण पाहिजे आपल्याला, त्यापेक्षा हे धुकं बरं, असंही वाटायचं. तर एकच गोष्ट कळायला हवी होती. पत्रातून ती विचारता येत नव्हती, कारण पत्र सावंत वाचणार आणि सगळी पंगत ऐकणार.

चाचांची बोट निघायची होती. मी म्हणालो, "चाचा, मुंबईला उतरलात की लालबागला जाल?"

"जाईन की. काय सांगू?"

"सांगू काही नका. बाबांना विचारा."

"काय विचारू?"

"जागा आहे का म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हो म्हणाले.

बर्फ वितळला. नदीवर उजेड पडला. संध्याकाळ संपतच नाही असे दिवस आले, नऊ-नऊ वाजेपर्यंत आकाश फिक्या निळ्या रंगाचं, माझ्या काचेच्या नळीत अजून पक्का न झालेल्या रंगासारखं. मी मावशीकडे जात होतो, पेज खात होतो, कधी कॉफीचे कप विसळून देत होतो. एके दिवशी तिने मला न बोलता एक फोटो दाखवला. तोच पोरगा, साध्या कपड्यांत, एका दारात उभा. त्या बेटावरून सुटून तो घरी पोचला होता. ती दिवसभर गुणगुणत होती. गोदीतल्या हमालांना त्या दिवशी केक फुकट मिळाला, त्यांना कारण कळलं नाही.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा चाचांची बोट परत आली. मी धक्क्यावर गेलो नाही. भीती वाटत होती. शेगडीमागच्या टेबलावर बसून राहिलो. ते आले, कोट काढला, हात शेकले, सोड्यांची पुडी मावशीला दिली.

"गेलो होतो," ते म्हणाले. "तुझ्या आईने आधी जेवायला बसवलं. नाव-गाव मागून विचारलं. मी म्हटलं, बाई, मी मुसलमान. तर म्हणते, बसा ओळीत, आमटी थंड होतासा."

"आणि बाबा?"

"कांदे सोलत होता. मी विचारलं, तुमचा झील विचारतो, जागा आहे काय? तुझ्या बापाने दोन कांदे तसेच सोलले. मग विचारतो, थंय जेवता काय तो? मी म्हटलं पेज जेवतो. तर म्हणतो, पेज? जर्मन पेज करतत? मग सगळी हकिगत सांगितली. तू वाडगा कावळ्याला घातलास तेसुद्धा."

"ते कशाला सांगितलंत!"

"अरे, तुझा बाप हसला. असा हसला की बाजूच्या खोलीतली माणसं आली बघायला. तुझी आई म्हणाली, तुरुंगातून आल्यावर पहिल्यांदाच हसले. पदराने डोळे पुसत होता, तिच्याच. 'काऽ काऽ केलान?' म्हणायचा आणि परत हसायचा."

"आणि जागा?"

"मी परत विचारलं. तर माझ्यावरच डाफरला. 'जागा कसली इचारता? खुळो मेलो. मी खंय म्हटलंय तसा?' तो म्हणतो, असं तो कधी बोललाच नाही."

ते वाक्य मी बोटीतून आणलं होतं, सगळ्या हिवाळ्यात उशाला घेऊन झोपलो होतो. आणि ते म्हणणाऱ्याला आठवतही नव्हतं. की आठवत होतं आणि कबूल करायचं नव्हतं? आजही मला सांगता येणार नाही.

"आणि सांगितलंय," चाचा म्हणाले, "की शिक्षण अर्धं टाकून येऊ नको. मोर्च्यात मी दोघांचा आवाज काढतो म्हणाला. तिकडचं त्याने पुरं करावं, इकडचं मी बघतो."

मावशीने चाचांना विचारलं, काय झालं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. ती उठली, पेज वाढली आणि माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवून मागे निघून गेली. दुसऱ्या दिवशी साहेबाला मी सांगितलं की शिक्षण पुरं करीन आणि घरी जाईन.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा मी तिथेच होतो. सावंतांचं पत्र आलं, अक्षरं धावत सुटलेली. चाळीत रोषणाई, बाबांना खांद्यावर घेऊन नाचले, बाबा उतरवा म्हणून ओरडत होते. संध्याकाळी मी मावशीला सांगितलं, मुंबई आमची झाली. तिला कळेना. "आधी कोणाची होती?" तिने विचारलं. मी म्हणालो, आमचीच. ती हसली. मी सांगितलं, आमच्या भाषेचं राज्य मागत होतो. मग म्हणाली, तिच्या बेटावर जपानचं राज्य होतं तेव्हा शाळेत तिला जपानी शिकवली, मग चीनमधून दुसरे आले त्यांनी दुसरी भाषा शिकवली, घरात आई बोलायची ती भाषा तिला कोणी लिहायला शिकवलीच नाही. "तुम्ही मागितली," ती म्हणाली. "चांगलं केलं." माझ्या बापाच्या चळवळीबद्दल एवढं सरळ मला दुसरं कोणी बोललं नाही.

निघताना तिला नमस्कार केला. ती धक्क्यावर आली नाही, दुकान उघडं होतं, कॉफीची वेळ होती.

आता मी परळला राहतो. कोणी विचारलं घर कुठलं, तर लालबाग म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण घराबद्दल माझी समजूत तिथे बदलली. पूर्वी वाटायचं, आपण जिथे असू तिथे घर. आता वाटतं, आपण नसताना जिथे आपली आठवण काढून कोणी जेवायला बसतं, तेही घरच. अशी घरं दोन असू शकतात, एक दुसऱ्याला माहीतसुद्धा नसताना. पावसाळी संध्याकाळी बंदराकडून भोंगा आला की मला क्षणभर कळत नाही मी कोणत्या काचेमागे उभा आहे. वाफ ओसरली की कळतं.

तुम्ही जे बाहेर आहात, त्यांना एवढंच सांगतो की बापाचं शेवटचं वाक्य घेऊन बसू नका. माणूस पाठवून विचारा. आणि तुम्ही जे इथे आहात, त्यांनी विचारायची वेळ येऊ देऊ नये.

राज्य झाल्यावर काही महिन्यांनी बाबांना त्यांचे साचे परत मिळाले. मी परत आलो आणि त्याच गिरणीने मला रंगखात्यात मास्तर, म्हणजे खात्याचा अधिकारी, म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी आम्ही बरोबर निघालो. गेटपाशी ते कामगारांच्या दाराकडे वळले, मला म्हणाले, "मास्तर, तुमचो दरवाजो तो. उशीर करू नकात." मस्करी होती, पण 'तुमचो' म्हणाले. त्या आठवड्यात रंगखात्यात कापडाचे जे ताके आले त्यांतल्या एकाच्या टोकावर बाबांच्या साच्याचा नंबर होता. मी तो स्वतः रंगवला, गडद निळा. रंग पक्का बसला. मग तो इतर मालाबरोबर बाजारात गेला आणि कोणीतरी विकत घेतला.